भरावातल्या गोळ्या आणि गॅलरीतला तोफगोळा

ताई, नमस्कार.

मी कळव्याला राहतो, नोकरी महाप्याला एमआयडीसीत. किल्ल्यांचं वेड लहानपणापासूनचं. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या डंपरवाल्याने शिशाच्या चार गोळ्या दिल्या. घोडबंदर रोडला टॉवरच्या पायाचं खोदकाम चाललं होतं, त्यात निघाल्या म्हणाला. तेव्हापासून नाद लागला. आज माझ्याकडे तीसेक गोळ्या, थोडी तांब्याची नाणी, एक तुटकं पातं आणि मुलाच्या खोलीलगतच्या गॅलरीत ठेवलेला एक लोखंडी तोफगोळा आहे. बरंचसं भंगारवाल्याकडून घेतलेलं, काही घणसोलीच्या भरावावर मिळालेलं. तोफगोळ्याची जाडी ९ सेंटीमीटर, भंगारवाल्याच्या काट्यावर वजन १ किलो ९०० ग्रॅम भरलं. एका बाजूला गंजाने बुजलेला गोल खळगा आहे. मित्राचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तो ग्राइंडर मारून चकाचक करून देतो म्हणतो. बायको मात्र गोळा आधी घराबाहेर काढा म्हणून मागे लागली आहे. आता ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवलाय. सुट्टीत सातवीतल्या मुलाला घेऊन वसई, घोडबंदर, बेलापूर करायचा बेत आहे. फेसबुकवर एक परदेशी संग्राहक चांगली किंमत देऊ करतोय. विकायचं मनात नाही, पण मोह होतो. चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या या खुणा भंगाराच्या भट्टीत वितळण्यापेक्षा माझ्या कपाटात राहिल्या तर काय बिघडलं? माझं काही चुकतंय का?

— एक संग्राहक, कळवा

*

भाऊ, आधी तोफगोळ्याचं बोलू. पत्रातलं बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

तुम्ही माप आणि वजन दोन्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. ९ सेंटीमीटर जाडीचा बिडाचा भरीव गोळा पावणेतीन किलोच्या आसपास भरायला हवा. तुमचा त्याहून साडेआठशे ग्रॅम हलका आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या भंगारात कारखान्याच्या बॉल मिलचे (दळणाच्या यंत्रातले) पोलादी गोळे पुष्कळ येतात आणि भाबडे लोक ते तोफगोळे म्हणून विकत घेतात. पण तो असता तर वजन तीन किलोच्या जवळ गेलं असतं, म्हणजे तुमचा गोळा तोही नाही. जमिनीत दोन-अडीचशे वर्षं गंज खाऊन लोखंड हलकं होतं, हे मला मान्य आहे. तरीही हलकं वजन आणि गोल बुजलेला खळगा एकत्र दिसले की मी आधी दुसरी शक्यता धरते. गोळा आतून पोकळ असावा आणि तो खळगा म्हणजे वात बसवायचं भोक असावं.

अठराव्या शतकात तटबंदी फोडायला भरीव गोळे मारत. पोकळ गोळ्यात दारू भरून, भोकात वात बसवून तो उखळी तोफेतून तटापलीकडे टाकत. त्याहून लहान पोकळ गोळे पेटवून हाताने फेकत; ते हातगोळे. ९ सेंटीमीटरचा पोकळ गोळा या शेवटच्या जातीत बसतो. त्यातली दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती ओली झाली म्हणजे कायमची निकामी झाली, असं धरून चालू नका. भोक गंजाने बंद झालेलं असेल तर आतली दारू कोरडी राहिलेली असू शकते, आणि तिला एक ठिणगी पुरते. ग्राइंडरमधून ठिणग्यांशिवाय दुसरं काय निघतं? २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एक संग्राहक यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना स्फोटात मरण पावला. तो नवशिका नव्हता, वर्षानुवर्षं हेच काम करत होता. आणि तो गोळा १४० वर्षांहून जुना होता.

म्हणून आजच्या आज एवढं करा. गोळा आहे तिथेच राहू द्या. उचलून भंगारवाल्याकडे नेऊ नका, खाडीत टाकू नका, बादलीत बुडवू नका, खळगा खिळ्याने टोकरून पाहू नका. लांबून दोन फोटो काढा, गॅलरीचं दार लावून घ्या आणि ११२ ला फोन करा. "जुना तोफगोळा आहे, पोकळ असावा अशी शंका आहे" एवढं सांगितलं की पुरे. बॉम्बशोधक पथक येऊन पाहील. कदाचित तपासून परत देतील, कदाचित नष्ट करतील. नष्ट केला तर तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण त्या भिंतीपलीकडे तुमचा मुलगा झोपतो. पोलिस घरी आले तर लोक काय म्हणतील, ही भीती मनातून काढून टाका. आपण होऊन फोन करणाऱ्या माणसाला लपवण्यासारखं काही नसतं. तुमच्या पत्नीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते तुम्ही त्यांना तसं सांगा.

आता शिशाच्या गोळ्यांकडे वळू.

तुम्ही त्यांना चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या म्हणता. असतीलही. पण ठाण्यासाठी त्या एकाच शतकात दोन वेगळी युद्धं झाली. पहिलं १७३७ ते १७३९ चं, चिमाजीअप्पांचं, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्याचं बांधकामही पुरतं झालेलं नव्हतं. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टीवरचा, म्हणजे ठाणे ते वांद्रे या बेटावरचा, पोर्तुगीज अंमल संपला. दुसरं युद्ध इंग्रजांशी. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात भाऊबंदकी माजली. ती संधी साधून मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर तोफा डागल्या आणि महिनाअखेर किल्ला घेतला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. पुढे १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांचा पराभव झाला, १७८२ चा सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी आणि ठाणं मात्र कायमचं गेलं. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे.

म्हणजे घोडबंदर ते ठाणे या पट्ट्यात निघालेली शिशाची गोळी पोर्तुगीज, मराठा किंवा इंग्रज, कोणाच्याही बंदुकीतली असू शकते. ३७ सालची असेल, ७४ सालची असेल, नाहीतर त्यानंतर कोणी सावज टिपायला झाडलेलीही असेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीत साधारण साडेसतरा मिलिमीटर जाडीची गोळी जाई, तिचं वजन तीस-बत्तीस ग्रॅम. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, देशी बंदुकींच्या गोळ्या लहान-मोठ्या, जशी नळी तशी गोळी. पण मराठ्यांच्या फौजेतही विलायती बंदुका होत्या. त्यामुळे नुसत्या मापावरून गोळीची जात ठरवता येत नाही. काट्यावर वजन करा, माप घ्या, नोंद ठेवा. त्यावर "चिमाजीअप्पा" अशी चिठ्ठी मात्र चिकटवू नका.

आणखी एक तपासा. गोळ्यांना आरपार भोक किंवा एका बाजूने चीर आहे का? आपल्या खाडीकाठी विटावा, दिवे, घणसोली, सारसोळे असे कोळ्यांचे गाव पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि जाळं बुडावं म्हणून जाळ्याच्या कडेला शिसं लावतात. ते तुटून चिखलात पडतं, वर पांढरट थर चढतो आणि चार पावसाळ्यांत ते पुराणपुरुषासारखं दिसू लागतं. भंगारवाल्याला ते बंदुकीच्या गोळीच्या भावाने विकायला काहीच अडचण नसते. तुमच्या तीसमधल्या किती खऱ्या आहेत हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण सगळ्या खऱ्या निघाल्या तर मला नवल वाटेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. भट्टीत वितळण्यापेक्षा माझ्या कपाटात काय वाईट, असं तुम्ही विचारता. तुमची तळमळ मला कळते. ज्याला या मातीबद्दल काही वाटत नाही, तो असा प्रश्नच विचारणार नाही. पण गोळी जिथे पडली होती तिथून ती उचलली आणि जागा कुठेही लिहिली नाही, तर तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. ते नुकसान भट्टीत जायच्या आधीच होऊन गेलेलं असतं.

कसं ते सांगते. न झाडलेली गोळी गोल असते, साच्याचा सांधा आणि शिसं ओततानाचं टोक तिच्यावर बरेचदा दिसतं. झाडून कशावर तरी आदळलेली चपटी होते. समजा एखाद्या शेतात दहा पावलांच्या पट्ट्यात वीस गोल गोळ्या मिळाल्या आणि दीडशे पावलांवर चपट्या. मग शिपाई कुठे उभे राहून बंदुका भरत होते, थरथरत्या हातांतून गोळ्या कुठे गळल्या, मारा कोणत्या दिशेला झाला, हे सगळं त्या शेतावर वाचता येतं. स्कॉटलंडमध्ये कलोडनला १७४६ साली, म्हणजे वसई पडल्यानंतर सात वर्षांनी, मोठी लढाई झाली. तिथल्या माळावर पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊनच शोध घेतला. पण सापडलेल्या प्रत्येक तुकड्याची जागा मोजून नकाशावर टाकली आणि त्यातून लढाईची धुमश्चक्री कुठे झाली ते अधिक नेमकं कळलं. यंत्र तेच जे तुम्ही मागवलंय. फरक परवानगीचा, आणि गोळी उचलायच्या आधी टाकलेल्या नकाशावरच्या टिंबाचा.

आपल्याकडे ठाण्याच्या लढाईचा असा नकाशा काढायला जागाच फारशी उरलेली नाही. किल्ल्यात तुरुंग, भोवती शहर, घोडबंदर रोडला टॉवर. जमिनीत जे काही आहे ते बांधकामाचा खड्डा खणला की एकदाच वर येतं आणि त्याच संध्याकाळी डंपरमध्ये बसून निघून जातं. म्हणून तुमच्या त्या पहिल्या चार गोळ्या मला बाकीच्या सगळ्या संग्रहापेक्षा मोलाच्या वाटतात. त्या डंपरवाल्याला पुन्हा भेटा. कोणत्या साइटवर, खड्ड्याच्या कोणत्या बाजूला, किती खोल, कोणत्या महिन्यात, चारही एकत्र होत्या का, बरोबर हाडं, खापरं, कोळसा काही होतं का, हे विचारा आणि त्याला जे आठवेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आठवत नसेल तर "आठवत नाही" असं लिहा. तुमच्या मनाने एकही तपशील भरू नका.

घणसोलीच्या भरावावरच्या वस्तूंचं मात्र तसं नाही. नवी मुंबईतली पुष्कळ जमीन खाडी, खाजण आणि मिठागरं भरून तयार झाली, आणि भरावाची माती कुठून कुठून आली. पारसिकच्या डोंगराची, ठाण्याच्या पायाखोदाईची, मुंबईच्या राड्यारोड्याची. तिथे मिळालेली शिवराई, म्हणजे ते जुनं तांब्याचं नाणं, घणसोलीचं आहे असं छातीठोकपणे कोणीच म्हणू शकत नाही. तिच्या पाकिटावर "भरावात मिळाली, मूळ जागा माहीत नाही" एवढंच लिहा.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्हाला तो माहीत हवा.

जमिनीत दडलेली मोलाची वस्तू सापडली तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. तो अजून चालू आहे. किंमत १० रुपयांच्या वर असेल तर शोधणाऱ्याने काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लोकांना याच्या पुढचा भाग माहीत नसतो. चौकशीअंती वस्तू बेवारस ठरली आणि शासनाने ती स्वतःकडे घेतली नाही, तर शोधणारा आणि जमीनमालक यांचा वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा असतो. शासनाने घेतली तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे कळवलं की सगळं हातचं गेलं, ही समजूत खरी नाही. शिशाची एक गोळी दहा रुपयांची की पाचची यावर काथ्याकूट करत बसण्यापेक्षा कळवून मोकळं व्हावं हे उत्तम.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू. ती जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, गोळ्या त्यात येत नाहीत. पण पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पाठवल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे. फेसबुकवरच्या त्या गृहस्थांना नाही म्हणा आणि विषय संपवा. पार्सलवर "शोभेची वस्तू" असं लिहून पाठवा असं त्यांनी सुचवलं तर संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तिसरा कायदा स्मारकांचा. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे, यावरून आत खड्डा करणं किती गंभीर असेल ते ओळखा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. एखादा किल्ला कोणत्याच यादीत नसला तरी जमीन कोणाच्या तरी मालकीची असतेच. ओहोटीला खाडीच्या चिखलात डिटेक्टर फिरवायचा विचार असेल तर तोही सोडा. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा. तिथे खारफुटीत कुदळ मारणं हा वेगळाच गुन्हा.

डिटेक्टर परत करता येत असेल तर परत करा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मात्र भंगारवाल्याबद्दल, आणि ते कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही वस्तू वाचवता. सुरुवातीला तसं असेलही. डंपरवाल्याने गोळ्या सहज दिल्या, पैसे मागितले नाहीत. पण "कळव्याचे साहेब जुन्या गोळ्यांना पैसे देतात" ही बातमी नाक्यावर पसरली की गोष्ट बदलते. तिथून पुढे कोणीतरी त्या पैशांसाठी खणायला लागतो. रात्री किल्ल्याच्या तटालगत, चर्चच्या पडक्या भिंतीखाली, एखाद्या जुन्या थडग्याशेजारी. वसईच्या तटाचा एक चिरा खाली आला तर तो परत चढत नाही. तुमच्या पाचशेच्या नोटेने दुसऱ्याच्या हातात कुदळ दिली असेल, आणि ते तुम्हाला कधी कळणारही नाही, कारण भंगारवाला तुम्हाला प्रत्येक वेळी "पायाच्या खोदकामात निघाली" एवढंच सांगणार. मी तुम्हाला दोष देत नाही. पण आजपासून एकही वस्तू विकत घेऊ नका, आणि का घेत नाही ते त्याला स्पष्ट सांगा. त्याच्याकडे पुन्हा काही आलं तर फोटो पाठव, साइट सांग, बाकी पैशाचं बोलणं नाही.

मग जमवायचं काय? तुमचा पिंड संग्राहकाचा आहे, तो एका पत्राने बदलणार नाही आणि बदलूही नये. पुण्यातलं केळकर संग्रहालय एका माणसाच्या नादातूनच उभं राहिलं आणि त्यांनी ते शासनाच्या हवाली केलं. तुम्ही जागा जमवा. ठाणे शहरात, घोडबंदर रोडला, बेलापूरच्या टेकडीवर खोदकामात आजवर कोणाला काय मिळालं, याच्या हकिगती तुमच्याइतक्या कोणाला ऐकायला मिळणार आहेत? डंपरवाले, पोकलेनवाले, मुकादम तुम्हाला ओळखतात. तारीख, ठिकाण, फोटो, सांगणाऱ्याचे शब्द, एवढी वही तुम्ही दहा वर्षं ठेवलीत तर ठाण्याच्या लढायांवर काम करणारा कोणताही अभ्यासक तुमच्या दारात येईल. तुमच्या कपाटातल्या गोळ्यांसाठी तो येईल असं मला वाटत नाही.

मुलाला वसईला जरूर न्या. खणायला नव्हे, पाहायला. सेंट सेबॅस्टियनच्या बुरजाकडे उभे राहा. मराठ्यांनी त्या बाजूला तटाखाली सुरुंग खोदले होते. ते उडवून खिंडार पाडलं आणि त्या खिंडारावर दोन्हीकडची माणसं मेली. चिमाजीअप्पांनी या लढाईचं वर्णन पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना पत्राने कळवलं, ते पत्र छापलेलं आहे. जाण्याआधी घरी मोठ्याने वाचून दाखवा. परतताना वज्रेश्वरीला जा. वसईसाठी चिमाजीअप्पांनी बोललेला नवस तिथे फेडला, देऊळ बांधलं. पुढच्या सहलीत नाशिकची नारोशंकराची घंटा दाखवा, तिच्यावर १७२१ हे साल आहे. पोर्तुगीज घंटा गोदाकाठच्या शिवालयात कशी आली, हे तो आपणच विचारेल. सातवीतलं पोर या वयात जुनी मोडी लिपीही पटकन उचलतं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्याची चौकशी करा आणि जमलं तर दोघे मिळून शिका. वसई मोहिमेचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. ते मूळ अक्षरात वाचता येणं ही या विषयातली फार मोठी कमाई आहे.

एखाद्या दुर्गसंवर्धन गटाबरोबर साफसफाईला जायला हरकत नाही, फक्त त्यांच्याकडे पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आहे का ते आधी विचारा. झाडोरा काढताना काही दिसलं तर हात न लावता फोटो काढून कळवायचं, हा नियम पाळणारा गट निवडा.

आता घरात आहे ते नीट ठेवायचं कसं. कशालाही घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, पॉलिश पेपर, काही नको. पितांबरी समईला उत्तम, पण नाण्यावर फिरवली की अक्षरं आणि काळ दोन्ही जातात. शिशावरचा पांढरा थर त्या गोळीला जपतो, आणि तो विषारीही आहे. फुंकू नका, हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, गोळ्या मुलाच्या टेबलावर ठेवू नका. लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याचा खोका टाळा. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं खराब होतं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, प्रत्येक गोळीला वेगळं पाकीट, स्टीलचं कपाट. पात्यात खाडीचं मीठ मुरलेलं असणार, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटत राहतील. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या घालून ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. मीठ काढण्याचं काम घरी करायचं नाही, ते प्रयोगशाळेचं आहे. नाण्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो, वजन, माप, कोणाकडून, कधी, किती पैशाला, आणि कुठे मिळाली असं सांगितलं गेलं. पैशाची रक्कम लपवू नका, अभ्यासकाला तीही उपयोगी पडते. ही यादी जोडून ठाण्याला कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात साधा मराठी अर्ज द्या: या वस्तू मला अशा अशा मिळाल्या, कायद्याप्रमाणे कळवत आहे, पुढील मार्गदर्शन व्हावं. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, एक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला. त्यांचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. विकत घेतलेल्या वस्तूंबद्दल मनात धाकधूक असेल तर अर्ज देण्याआधी एखाद्या वकिलाला तो दाखवून घ्या, एका भेटीचं काम आहे. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर वस्तू जशा आहेत तशा ठेवा, कोणाला देऊ नका. आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.